नागपुरातील नर्सरीची शेवंती : रोपे जोमदार, पाट्या मात्र स्वतः पारखून घ्याव्यात

गेल्या जुलैत आणि ऑक्टोबरात अशा दोन खेपांत मी शहराच्या पश्चिम भागातील एका नर्सरीतून शेवंतीची म्हणून अठरा रोपे आणली. त्यांपैकी आठ शेवंतीची निघाली, सहा अ‍ॅस्टरची आणि चार बिजलीची, म्हणजे शेवंतीसारख्याच दिसणाऱ्या एका हंगामी फुलाची. अठराही रोपे जगली आणि अठराही फुलली, त्यामुळे रोपांच्या प्रतीबद्दल मला काहीच म्हणायचे नाही. माझी तक्रार नावांबद्दल आहे. सूर्यफुलाच्या कुळातील झाडांच्या बाबतीत एकदा नाव चुकले की पाणी, खत, छाटणी आणि हंगाम संपल्यावर झाड ठेवायचे की काढायचे, हा पुढचा सगळाच हिशेब चुकतो.

नर्सरीचे नाव मी येथे मुद्दाम लिहीत नाही. पाट्यांचा असा घोळ मी शहरातील आणखी तीन-चार ठिकाणी पाहिला आहे आणि त्यासाठी एकाच माणसावर बोट ठेवणे न्यायाचे होणार नाही. शिवाय या नर्सरीच्या मालकांनी नंतर जे वागणे दाखवले, ते चांगल्या दुकानदाराला शोभणारे होते. त्याविषयी पुढे लिहितेच.

पहिली खेप जुलैच्या शेवटच्या आठवड्यातली. दोन दिवस पावसाने उघडीप दिली होती आणि हिरव्या जाळीखाली काळ्या पिशव्यांतील शेवंतीची रोपे रांगेने मांडलेली होती. प्रत्येक पिशवी तीस रुपये. मी एक पिशवी उचलून तळाची भोके पाहिली, तर पांढरी, ताजी मुळे नुकतीच डोकावत होती. रोप जुने होऊन पिशवीत गुंडाळले गेले की हीच मुळे तपकिरी होऊन बाहेर जाळे धरतात, तेव्हा ही रोपे योग्य वयाची होती. खोडाशी माती किंचित उकरली असता जुन्या खोडाचा कापलेला तुकडा आणि त्याला फुटलेला नवा कोंब दिसला, म्हणजे रोपे काश्यांपासून केलेली होती. शेवंतीला फुलोऱ्यानंतर बुंध्यातून जमिनीलगत जे नवे फुटवे येतात, त्यांना आपले शेतकरी काश्या म्हणतात. काशीपासून केलेल्या रोपाला आईच्याच रंगाचे आणि आकाराचे फूल येते, तर बियांपासून केलेल्या शेवंतीची खात्री देता येत नाही. नर्सरीत काम करणाऱ्या मावशींना विचारले तेव्हा त्यांनी कुठली ओळ पिवळी, कुठली पांढरी आणि कुठली बटणासारख्या लहान फुलांची, हे न अडखळता सांगितले, आणि पुढे फुले आली तेव्हा त्यांचा शब्द आठही रोपांच्या बाबतीत खरा ठरला. या खेपेला मी पैकीच्या पैकी गुण देते.

रोपांबरोबर घेतलेल्या तयार मातीविषयी मात्र तसे म्हणता येणार नाही. पन्नास रुपयांना मिळालेली मातीची पिशवी म्हणजे जवळजवळ निव्वळ काळी माती होती, वरवर थोडे शेणखत मिसळलेली. आपली काळी माती कसदार असते यात वाद नाही, पण तिच्यातील चिकण ओलाव्याने फुगतो, पाणी धरून ठेवतो आणि सुकला की भेगा पाडतो. शेतात हा गुण कपाशीला मानवतो, पण कुंडीत ऑगस्टच्या झडीत शेवंतीची मुळे त्याच पाण्यात गुदमरतात. आठवड्याभरात दोन रोपांची खालची पाने पिवळी पडली. मी आठही कुंड्या रिकाम्या केल्या आणि एक भाग तीच काळी माती, एक भाग कन्हान नदीची जाडी वाळू, एक भाग गांडूळखत आणि थोडे कोकोपीट असे मिश्रण करून रोपे पुन्हा लावली. पंधरा दिवसांत नवी पाने आली. कुंडीची माती या नर्सरीतून विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या मातीत आणखी एक गोष्ट आली होती. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक कुंडीत शेवंतीच्या भोवती बारीक कापलेल्या पानांची, मातीला चिकटून चक्राकार पसरलेली रोपटी उगवली. ती गाजरगवताची होती. पुण्यात १९५५ च्या सुमारास प्रथम नोंदले गेलेले आणि नंतर देशभर पसरलेले हे तण शेवंतीच्याच कुळातले आहे. ते लहानपणीच उपटावे आणि हातमोजे घालून उपटावे, कारण त्याने कातडीला खाज सुटते व काहींना त्याचा त्रास वर्षानुवर्षे पुरतो. शेणखत नीट कुजलेले नसले किंवा माती रस्त्याकडेची असली की हे बी हमखास येते. मालकांनी याकडे लक्ष द्यायला हवे, कारण माती विकत घेणारा माणूस त्या पिशवीबरोबर हे तण आपल्या गच्चीवर नेत असतो.

ऑगस्टमध्ये मी दोनदा शेंडे खुडले. रोप वीतभर झाले की वरचा शेंडा दोन पानांसह नखाने खुडायचा, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतात आणि झाड उंच व किरकोळ न होता गोल भरते. नंतर त्या फांद्यांचेही शेंडे एकदा खुडायचे आणि सप्टेंबर सुरू झाल्यावर हात लावायचा नाही, कारण त्यानंतर खुडलेला शेंडा म्हणजे हातचे गेलेले फूल. मावशींनी हे सगळे रोपे देतानाच सांगितले होते आणि त्यासाठी त्यांनी कसलीही घाई केली नाही. अशी माणसे नर्सरीत असणे हा त्या नर्सरीचा मोठा गुण आहे.

येथे मला एका कुंडीविषयी लिहायचे आहे, कारण तिच्यावरून मी नर्सरीला मनातल्या मनात अन्यायाने दोष दिला होता. सात कुंड्या गच्चीवर होत्या आणि आठवी फाटकाजवळ. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गच्चीवरच्या सातही रोपांच्या टोकांना मुगाच्या दाण्याएवढ्या कळ्या धरल्या, पण फाटकाजवळचे रोप पानांनी गच्च भरलेले असूनही त्याला कळीचा पत्ता नव्हता. दिवाळी झाली तरी तेच. हे एक रोप वेगळ्या जातीचे दिले, असे मी ठरवून टाकले होते. मग एका रात्री फाटक लावताना लक्षात आले की गल्लीतला नवा एलईडी दिवा त्या कुंडीवर सरळ पडतो आणि तो पहाटेपर्यंत जळत असतो.

शेवंती लांब रात्रीची वनस्पती आहे. अमेरिकेच्या शेती खात्यातील गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये दाखवून दिले की अनेक वनस्पतींचे फुलणे दिवस-रात्रीच्या लांबीवर ठरते, आणि शेवंती या नियमाचे आजही सर्वांत ठळक उदाहरण मानले जाते. नागपुरात जूनमध्ये दिवस साडेतेरा तासांच्या जवळ जातो आणि डिसेंबरात अकरा तासांच्याही आत येतो. पावसाळा सरता सरता रात्र पुरेशी लांबली की रोप पाने वाढवणे थांबवून कळ्या धरू लागते. रात्रीच्या मध्यात उजेड पडला तर रोपाच्या लेखी ती रात्र लांब उरत नाही. हरितगृहांत रात्री दिवे लावून शेवंतीचा हंगाम हवा तसा पुढे ढकलतात तो याच आधारावर. मी कुंडी घराच्या मागच्या अंधाऱ्या बाजूला नेली. साधारण तीन आठवड्यांत कळ्या दिसल्या आणि बाकीच्या झाडांची फुले उतरत असताना, मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी, तिची पहिली पिवळी फुले देवासमोर आली. ज्यांच्या शेवंतीला फुले येत नाहीत त्यांनी नर्सरीकडे जाण्याआधी रात्री एकदा कुंडीपाशी उभे राहून पाहावे.

दुसरी खेप ऑक्टोबरच्या मध्यातली. पहिल्या खेपेच्या समाधानाने मी पुन्हा त्याच ठिकाणी गेले. या वेळी काळ्या ट्रेमधून हिवाळी रोपे आलेली होती, दहा रुपयांना एक. एका ट्रेवर खडूने लिहिलेल्या पाटीवर ‘शेवंती जांभळी’ होते आणि शेजारच्या ट्रेवर ‘शेवंती पिवळी’. दोन्हींत फूल सोडाच, कळीही नव्हती. मी जांभळीची सहा आणि पिवळीची चार घेतली. पिवळीची पाने मात्र तिथेच खटकली. ती गाजराच्या पाल्यासारखी बारीक चिरलेली होती. मी मावशींना विचारले, “ही बिजली आहे ना?” त्यांनी सहज उत्तर दिले, “हो जी ताई, बिजली म्हणजे शेवंतीच ना.”

त्यांच्या बोलण्यात खोटे काही नव्हते. विदर्भात हिवाळ्याच्या उत्तरार्धात फूलबाजारात पिवळ्या-पांढऱ्या बिजलीचे ढीग येतात आणि हारवाले तिला शेवंतीच्याच भावकीत धरतात. वनस्पतिशास्त्राचा इतिहासही काही काळ त्यांच्या बाजूने होता. लिनियसने १७५३ मध्ये बिजली आणि शेवंतीची एक पूर्वज जात, दोन्ही ‘क्रिसॅन्थेमम’ या एकाच प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, ठेवली होती. पुढे बिजली वेगळी काढून तिला ‘ग्लेबिओनिस कोरोनारिया’ हे नाव मिळाले. १९६१ मध्ये एका रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने तर बागेतल्या शेवंतीलाच ‘डेंड्रँथेमा’ या दुसऱ्या प्रजातीत नेले, आणि जगभरच्या फूलवाल्यांची गैरसोय झाल्यावर १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती क्रिसॅन्थेममकडे परत आली. म्हणून बिजलीला शेवंती म्हणणाऱ्या मावशींना मी चूक म्हणणार नाही. पण विकणाऱ्याने एवढे सांगायला हवे की ही भूमध्य समुद्राकडची, बियांपासून होणारी, एका हंगामाची वनस्पती आहे. तिला काश्या येत नाहीत आणि मार्चनंतर ती वाळणार हे ठरलेले असते. हे माहीत असले की माणूस तिच्या वाळलेल्या मुंडक्यांतून बी राखून ठेवतो. माहीत नसले की बुंध्याशी काश्यांची वाट पाहत बसतो.

जांभळ्या रोपांचा प्रकार मात्र निराळा होता. घरी आणल्यावर दहा दिवसांत मला शंका येऊ लागली. शेवंतीच्या पानाला खोल खाचा असतात, पानाच्या मागच्या बाजूला राखी लव असते आणि पान बोटांत चुरगळले की कापराच्या अंगाचा कडवट वास येतो, तो हाताला बराच वेळ राहतो. या सहा रोपांची पाने अंडाकृती होती, कडेला मोठे दाते होते पण आत शिरलेल्या खाचा नव्हत्या, खोडावर ताठ, पांढुरके केस होते आणि पान चुरगळले तर साध्या हिरव्या पाल्याचा वास. तरीही पाटीवर विश्वास ठेवून मी त्यांना शेवंतीसारखेच वागवले, म्हणजे मोठ्या कुंड्या दिल्या आणि शेंडे खुडले. डिसेंबरच्या सुरुवातीला पहिले फूल उमलले तेव्हा रंग गडद जांभळा आणि आकार अगदी शेवंतीचा होता. घरातल्या सगळ्यांनी ती शेवंतीच मानली.

मी ते फूल तोडले, जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरले आणि शेजारी गच्चीवरची एक पिवळी शेवंती ठेवली. ही पारख घरी कोणालाही करता येते, म्हणून ती सविस्तर सांगते. या कुळात ज्याला आपण एक फूल म्हणतो ते खरे तर एका थाळीवर दाटीने बसलेल्या पुष्कळ लहान फुलांचे मुंडके असते. मराठी शास्त्रीय पुस्तकांत त्याला स्तबक म्हणतात. कडेची लांब पाकळीसारखी दिसणारी ती किरणपुष्पके आणि मध्यभागी पिवळ्या ठिपक्यांसारखी असतात ती बिंबपुष्पके. दुहेरी जातींत माणसाने निवड करून जवळजवळ सगळी पुष्पके पाकळीसारखी केलेली असतात. त्यामुळे दुहेरी शेवंती आणि दुहेरी अ‍ॅस्टर समोरून पाहिली तर फसवतात. समोरून पाहूच नये.

फूल उलटे करावे. शेवंतीच्या फुलाखाली लहान छदांच्या, म्हणजे पानांसारख्या खवल्यांच्या, दोन-चार ओळी कौलांसारख्या एकमेकींवर बसलेल्या असतात आणि प्रत्येक छदाची कड कोरडी, कागदासारखी, फिकट तपकिरी असते. नखाने ती चुरचुर वाजते. माझ्या जांभळ्या फुलाखाली हे काहीच नव्हते. त्याऐवजी लांबट हिरव्या पानांची एक कॉलर होती, बाहेरची पाने पाकळ्यांच्या बाहेर डोकावणारी आणि त्यांच्या कडांना बारीक, ताठ केसांची झालर. भिंगाशिवाय, नुसत्या डोळ्यांनी दिसेल इतका हा फरक स्पष्ट आहे. मग एकेक पाकळी बुडापासून उपटून पाहिली. शेवंतीची पाकळी खाली गुळगुळीत, टोकाला कोवळ्या बियाचा इवलासा दाणा. जांभळ्या फुलाच्या पाकळीच्या बुडाशी त्या दाण्याभोवती पांढऱ्या, रेशमी केसांचा लहानसा झुबका होता. आपण लहानपणी ज्याला म्हातारी म्हणून हवेत फुंकतो, त्याच धाटणीची ही रचना. शेवंतीला आणि बिजलीला ती नसते, अ‍ॅस्टरला असते. दोन खुणा जुळल्यावर शंका उरली नाही. ही चिनी अ‍ॅस्टर होती, ‘कॅलिस्टेफस चायनेन्सिस’. तिच्या प्रजातीत जगभरात ही एकच जात आहे. लिनियसने तिला आधी ‘अ‍ॅस्टर’मध्ये घातले होते आणि पुढे ती वेगळी झाली, तरी बाजारात तिचे जुने नाव टिकून राहिले.

बिजली आणि शेवंती यांत मात्र फूल उलटून भागत नाही, कारण बिजलीच्या छदांच्या कडाही कोरड्या, पातळ असतात. तिथे पान पाहावे. पिसासारखे दोनदा चिरलेले, गुळगुळीत, लव नसलेले पान असेल तर ती बिजली. अगदी लहान वयात बिजली आणि गाजरगवत यांची पानेही सारखी भासतात. गाजरगवताचे पान राखी लवेचे आणि जमिनीला चिकटून पसरणारे असते, बिजलीचे तुकतुकीत व उभे. माझ्या कुंड्यांत दोन्ही शेजारी शेजारी उगवल्यामुळे हा फरक मला बोटांनी कळला.

रंगावरूनही थोडा अंदाज बांधता येतो. शेवंतीत पिवळा, पांढरा, तांबूस, गुलाबी, किरमिजी आणि जांभळट छटा मिळतात, पण खरा निळा रंग निसर्गात तिला नाही. २०१७ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी कॅंटरबरी बेल्स या फुलाचे एक जनुक आणि आपल्या अंगणातल्या गोकर्णाचे एक जनुक शेवंतीत घालून ती निळी केली, तेव्हा कुठे निळी शेवंती झाली. म्हणून कुंडीवर ‘निळी शेवंती’ लिहिलेले दिसले तर ती अ‍ॅस्टर असण्याचीच शक्यता मोठी, कारण निळसर-जांभळा हा अ‍ॅस्टरचा नेहमीचा रंग आहे.

कोणी म्हणेल की फूल सुंदर आले, फुलदाणीत दहा दिवस टिकले, मग नाव काहीही असो. अ‍ॅस्टर खरोखरच गुणी फूल आहे. आपल्याकडे पुण्याच्या गणेशखिंड येथील संशोधन केंद्रातून निघालेल्या ‘फुले गणेश व्हाइट’, ‘फुले गणेश पिंक’ आणि बंगळूरच्या ‘कामिनी’, ‘पूर्णिमा’ या जाती शेतकऱ्यांनी नावाजलेल्या आहेत. मला अ‍ॅस्टर नको होती असे नाही. पण अ‍ॅस्टर एका हंगामाची असते. फुलली, बी धरले की संपली. तिला बारा इंची कुंडी आणि वर्षभराची जागा देणे वाया जाते. तिला वेळेवर लहान कुंडीत, जवळजवळ लावून भरघोस घेता येते. याच्या उलट झालेले मी शेजारी पाहिले आहे. आमच्या मागच्या गल्लीतल्या काकूंनी मागील वर्षी याच हंगामात फुले संपलेली आणि वरून वाळलेली शेवंती “अ‍ॅस्टर होती, संपली” म्हणून मुळासकट उपटून कचऱ्याच्या गाडीत टाकली. मी पोहोचले तेव्हा एकच बुंधा फाटकाशी पडलेला होता आणि त्याच्या तळाशी तांदळाएवढे सहा-सात पांढरट-हिरवे कोंब होते. त्या काश्यांपासून त्यांना गेल्या जुलैत तीस रुपयांची सहा-सात रोपे फुकट झाली असती, आणि सासूबाईंच्या हातच्या त्या पांढऱ्या शेवंतीचा वाण घरात राहिला असता. त्यांच्या कुंडीवरही अशीच चुकीची पाटी होती.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी एक अ‍ॅस्टर फुलासकट आणि एक शेवंतीचे फूल घेऊन नर्सरीत गेले. मालक आधी म्हणाले, “ताई, ही पण शेवंतीचीच व्हरायटी आहे.” मी दोन्ही फुले उलटी करून त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा लावला, हिरवी कॉलर बोटाने चाचपली, मावशींना हाक मारली आणि मावशींनी एका नजरेत सांगितले की ही अ‍ॅस्टर आहे. मग कळले की ट्रेमधली रोपे बाहेरून गाडीने येतात, त्या दिवशी मावशी रजेवर होत्या आणि गाडी उतरवणाऱ्या मुलाने यादीतली नावे अंदाजाने ट्रेवर लिहिली. मालकांनी कारण सांगितले, पण त्याआड ते लपले नाहीत. सहा रोपांचे साठ रुपये लगेच पुढे केले. मी पैसे घेतले नाहीत. त्याऐवजी येत्या जूनमध्ये जांभळट शेवंतीच्या सहा काश्या मागितल्या. त्यांनी माझे नाव आणि ‘६ काश्या’ एवढे वहीत लिहून घेतले. बिजलीचा विषय मी काढला तेव्हा मात्र त्यांना तो पटला नाही. “इथले लोक तिला शेवंतीच म्हणतात,” असे ते म्हणाले. त्यांचा मुद्दा मी समजू शकते, पण मान्य करत नाही. लोक जे म्हणतात ते पाटीवर जरूर लिहावे आणि खाली ‘बिजली, एका हंगामाची’ एवढे दोन-तीन शब्द जोडावेत.

बाकीच्या सेवेविषयी थोडक्यात. घरपोच पोहोचवण्याचे शंभर रुपये घेतात आणि छोट्या टेम्पोतून रोपे उभी, न मोडता येतात. रोख आणि यूपीआय दोन्ही चालते. दर महाराजबागेजवळच्या किंवा मोठ्या नर्सऱ्यांपेक्षा किंचित कमी आहेत. कुंड्या महाग आहेत, त्या दुसरीकडून घ्याव्यात. मावा लागला असता त्यांनी विषारी औषध गळ्यात न मारता आधी पाण्याच्या फवाऱ्याने धुवा आणि मग निंबोळी अर्क फवारा असे सांगितले, आणि तेवढ्याने तो गेला. रविवारी गर्दी असते आणि विचारायला कोणी सापडत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी दहाच्या आत जावे. मावशी हजर असतील तरच रोपे निवडावीत, हे मी आग्रहाने सांगेन, कारण त्यांना झाड पानावरून ओळखता येते आणि पाटीवर त्यांचा भरवसा नसतो.

काश्या मिळाल्यावर काय करायचे तेही ठरवले आहे. आठ शेवंत्यांची फुले उतरल्यावर मी त्या जमिनीपासून चार बोटांवर छाटल्या आहेत आणि आता बुंध्याशी काश्या दिसू लागल्या आहेत. खरी परीक्षा एप्रिल-मेची असते. नागपूरचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा या कुंड्या पूर्वेच्या भिंतीशी, हिरव्या जाळीखाली ठेवायच्या, पाणी सकाळी द्यायचे आणि खत अजिबात द्यायचे नाही. मागची दोन वर्षे या पद्धतीने मी जुनी झाडे पावसाळ्यापर्यंत पोहोचवली आहेत. पावसाच्या पहिल्या दोन-तीन सरी झाल्या की काश्या मुळांसह वेगळ्या करून लावायच्या.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मी खतासाठी पुन्हा त्या नर्सरीत गेले होते. जांभळ्या फुलांच्या ट्रेवर खडूने ‘अ‍ॅस्टर’ लिहिलेले पाहून बरे वाटले. शेजारी बिजली पूर्ण बहरात होती, पिवळ्या-पांढऱ्या फुलांवर मधमाश्या होत्या आणि पाटीवर अजून ‘शेवंती पिवळी’च होते. मी मावशींना पाटी दाखवली. त्यांनी मालकांच्या खोलीकडे एकदा पाहिले, खिशातून खडू काढला आणि ‘शेवंती’ या शब्दाखाली बारीक अक्षरात ‘बिजली’ लिहून घेतले.